पायडलास मोटारीची जोड : घरगुती विद्युत-सायकलीचा अभ्यास

स्मरणिकेसाठी ‘कुटुंबांस उपयोगी पडेल असे काही’ लिहावे, अशी मंडळींची सूचना आली, तेव्हा माझ्यापुढे एकच विषय उभा राहिला. गेली दोन वर्षे आमच्या अंगणात एक सायकल तयार होत होती. ती एकदा तयार झाली, एकदा मोडली आणि दुसऱ्यांदा तयार झाली. तिच्या पहिल्या जन्मात जी चूक झाली, ती इतर कोणाच्या घरी होऊ नये, हा या लेखाचा मुख्य हेतू होय. लेखात थोडे गणित आहे. ते पाहून कोणी पान उलटू नये, कारण ते शाळेतल्या त्रैराशिकापलीकडे जात नाही.

आमचे थोरले बंधू, ज्यांस घरातले सर्वजण अण्णा म्हणतात, ते सांवेर रोडवरील एका कारखान्यात टर्नर आहेत. घरापासून कारखाना नऊ किलोमीटर. इंदूरच्या वाचकांस हा रस्ता सांगावयास नको. औषधांचे, खाद्यपदार्थांचे, लोखंडी कामाचे कारखाने, मालाने भरलेले ट्रक, धूळ, आणि पाळी सुटली की सायकलींची व मोटारसायकलींची एकच गर्दी. हाच रस्ता पुढे सांवेरवरून उज्जैनीस जातो; पण आमच्या घरात ‘सांवेर रोड’ म्हणजे अण्णांचा कारखाना, एवढाच अर्थ. तीस वर्षे त्यांनी ही वाट काळ्या, दांडीच्या सायकलीने तुडवली. मग उजवा गुडघा कुरकुरू लागला. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडू नका, पाय हलते ठेवा. पण चढावर जोर लावू नका. आता सायकल चालवायची आणि चढावर जोर लावायचा नाही, हे कसे जमावे?

मुलाने स्कूटर घेऊन देतो म्हटले. अण्णा म्हणाले, “मला बसवून नेणारी गाडी नको. पाय माझेच चालले पाहिजेत. चढावर कोणी पाठीला हात लावावा, इतकेच.”

पुढे मी पुष्कळ वाचले, पुष्कळांस विचारले. पण पायडल-सहाय्यक सायकलीची याहून चांगली व्याख्या मला कोठे आढळली नाही. लहान मूल सायकल शिकते तेव्हा बाप मागून सीट धरून धावतो, तसा हा हात. मुलाने पायडल मारणे थांबवले की बापही थांबतो. मूल पुरेशा वेगात गेले की तो हात काढून घेतो. या दोन गोष्टी ज्या सायकलीत आहेत ती पायडल-सहाय्यक सायकल. ज्या सायकलीत मूठ पिळली की पाय न हलवता गाडी पळते, ती कमी ताकदीची मोपेड होय; तिला सायकल म्हणावे असे मला वाटत नाही.

ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन या गृहस्थास ३१ डिसेंबर १८९५ रोजी विजेच्या सायकलीचे पेटंट मिळाले. त्याने मोटार मागच्या चाकाच्या हबमध्येच बसवली होती. आज बाजारात मिळणारी हबमोटार तत्त्वतः तीच. परंतु त्याची बॅटरी होती १० व्होल्टची आणि प्रवाह १०० अँपिअरपर्यंत. एवढ्या प्रवाहास लागणाऱ्या जाड तारा आणि जड बॅटरी डोळ्यांपुढे आणल्या म्हणजे ही कल्पना पुढे कित्येक वर्षे का पडून राहिली, ते समजते. माणूस पायडल मारील त्या मानाने मोटारीने मदत करावी, अशी सायकल मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली ती जपानच्या यामाहा कंपनीने, १९९३ मध्ये.

आपल्याकडील उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तेथे डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकल-रिक्षाचा प्रश्न हाती घेतला. जुन्या सायकल-रिक्षास एकच गिअर, आणि ब्रेक तेवढा पुढच्या चाकास. दोन माणसे बसवून चढ चढावयाचा म्हणजे ओढणाऱ्याने खाली उतरून छातीच्या जोरावर ती ढकलावयाची. त्यांनी आधी रिक्षाच सुधारली. गिअर घातले, मागच्या चाकांना ब्रेक दिला. आणि मग एका प्रकारात पायडलास विजेच्या मोटारीची जोड दिली. २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी हे काम मांडले. यातला क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी वाहन, मग ब्रेक, मग मोटार. मी नेमका उलट क्रम धरला आणि त्याची किंमत अण्णांनी मोजली. ते पुढे येईलच.

प्रथम हिशेब. मोटार किती ताकदीची हवी, हे दुकानदारास न विचारता स्वतः काढावे. अण्णा आणि सामानासह सायकल मिळून ९० किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर साध्या टायरांचे घर्षण वजनाच्या सुमारे हजारांत आठ असते, म्हणजे सात न्यूटन. ताठ बसलेल्या माणसास हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. या दोहोंची बेरीज करून वेगाने गुणले की ताशी १५ किलोमीटर वेगास सुमारे ५५ वॉट लागतात, २० ला सुमारे १००, आणि २५ ला १६०. वेग पावणेदोन पट सुद्धा झाला नाही, पण शक्ती तिप्पट लागली! सायकल ‘जरा पळती’ करून द्या म्हणणाऱ्या तरुण मंडळींनी हा आकडा लिहून ठेवावा.

आता चढ घ्या. शंभर मीटरांत तीन मीटर चढणारा रस्ता असला तर १५ च्याच वेगाने जाण्यास आणखी ११० वॉट लागतात; एकूण १६५. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल तर सपाटीवर २० च्या वेगास १०० ऐवजी २१० वॉट. माळव्यात मे-जूनमध्ये वारा सुटतो तेव्हा सपाट रस्ताही चढासारखा का वाटतो, त्याचे हे उत्तर. सराव नसलेला निरोगी माणूस तासभर सतत ७५ वॉटच्या आसपास देऊ शकतो. गुडघा दुखरा असेल तर ५० धरावेत. म्हणजे सपाटीवर कमी पडतात ५०, आणि पुलाच्या चढावर किंवा वाऱ्यात कमी पडतात १०० ते १६०. सबब २५० वॉटची मोटार अण्णांस पुरून उरते. ५०० किंवा १००० वॉटच्या मोटारीची आम्हांस गरजच नव्हती.

सुदैवाने कायद्याची मर्यादाही हीच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार जिच्या मोटारीची अर्ध्या तासाची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आहे, जिची मदत वेग वाढेल तशी कमी होत ताशी २५ किलोमीटरला, किंवा त्याआधी पायडल थांबताच, पूर्ण बंद होते, आणि जिला योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक आहे, अशी सायकल मोटार-वाहन ठरत नाही. मात्र नियमात मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणीची अट आहे, पुण्याची ए.आर.ए.आय. ही अशा संस्थांपैकी एक. घरी केलेल्या सायकलीस असे प्रमाणपत्र नसते, हे जाणून तिची मोटार, वेग व ब्रेक या मर्यादांच्या आत ठेवावेत, आणि करून विकण्याचा विचार असेल तर आधी तपासणीची वाट धरावी. मोटारीवरील शिक्क्यात २५० वॉट आणि प्रत्यक्षात दुप्पट, असा माल बाजारात असतो. त्याच्या नादी लागू नये.

मोटार घेताना आणखी एक अंक पाहावा : मिनिटास फेरे किती. २६ इंची चाकाचा परीघ दोन मीटर सहा सेंटिमीटरांच्या आसपास. ताशी २५ किलोमीटर म्हणजे मिनिटास ४१७ मीटर. म्हणजे चाकाचे २०२ फेरे. तेव्हा ३६ व्होल्टवर २०० फेऱ्यांची मोटार घ्यावी. ३०० फेऱ्यांची मोटार त्याच किमतीत मिळते व मोह पडतो. पण ती चढावर आपल्या योग्य वेगाच्या फार खाली रेंगाळते, वीज खाते आणि तापते. हबमोटारींत दोन जाती आहेत. एकीत आत दातेरी चक्रे व फ्रीव्हील असते. ती वजनास दोन-तीन किलो, आणि बंद असताना चाकास ओढत नाही. दुसरी थेट फिरणारी. आवाज नाही, बिघाड कमी, पण वजन जवळजवळ दुप्पट, आणि बॅटरी संपली की पायडल जड. पायडल हेच मुख्य मानावयाचे असेल तर पहिली जात घ्यावी.

आता माझी चूक.

अण्णांचा जीव त्यांच्या काळ्या सायकलीवर. तीच ठेवावयाची असे ठरले. मागच्या चाकाची जागा अरुंद होती, म्हणून मी मोटार पुढच्या चाकात बसवली. काम सोपे होते. एका दुपारी झाले. वॉशर घातले, नट पान्याने करकचून आवळले. सायकल अशी पळाली की गल्लीतली मुले मागे धावली. अण्णांनी तीन आठवडे ती सांवेर रोडला नेली. चौथ्या आठवड्यात संध्याकाळी परतताना, वळणावर थांबून पुन्हा निघताना, पुढचे चाक फोर्कमधून निसटले. फोर्क रस्त्यावर टेकला. अण्णा डाव्या हातावर पडले. मागून येणारा ट्रक वेळेवर थांबला, म्हणून आज हा लेख मी या स्वरूपात लिहू शकत आहे. मनगटाचे हाड मोडले; सहा आठवडे प्लास्टर. वहिनींनी मला चहा दिला, पण चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

असे का झाले? साध्या चाकाचा आस फक्त वजन पेलतो. तो फिरत नाही आणि त्याला कोणी फिरवीतही नाही. हबमोटारीत निराळे असते. मोटार चाकास पुढे ढकलते तेवढ्याच जोराने आसास मागे पिळते. निघताना हा पीळ ३० न्यूटन-मीटरपर्यंत सहज जातो. आस १२ मिलिमीटर जाड, त्याच्या दोन बाजू कानशीने घासल्यासारख्या सपाट, मधले अंतर १० मिलिमीटर. ३० ला ०.०१० ने भागा : ३००० न्यूटन. म्हणजे फोर्कच्या टोकाच्या पातळ पत्र्यावर दर वेळी निघताना ३०० किलो वजनाचा रेटा! पत्रा थोडा थोडा फाकत गेला, आस थोडा थोडा फिरत गेला, फिरता फिरता त्याने नट सैल केला. नट कितीही आवळला तरी तो हा पीळ कायमचा अडवू शकत नाही. ही गोष्ट मी आधी वाचलेली होती. ‘एवढ्याशा मोटारीला काय लागते’ म्हणून सोडून दिली होती. दोष ना मोटारीचा, ना सायकलीचा, तो माझा.

यावर उपाय म्हणजे पीळदांडी. पोलादी पट्टीत आसाच्या सपाट बाजू घट्ट बसतील असे भोक करावयाचे, ती आसावर चढवावयाची, आणि तिचे दुसरे टोक चौकटीच्या दांड्यास पक्के बांधावयाचे. पट्टी १०० मिलिमीटर लांब असली तर तोच ३० न्यूटन-मीटरचा पीळ टोकाशी फक्त ३०० न्यूटन, म्हणजे ३० किलोंचा होतो. तो चौकट हसत पेलते. एवढीच युक्ती. पण भोक सैल असता कामा नये. कागद सरकेल एवढी फट राहिली तरी रोजच्या हिसक्यांनी ती वाढत जाते.

पीळदांड्या अण्णांनी स्वतः केल्या. प्लास्टर निघून दहा दिवस झाले होते, डावा हात अजून नीट वळत नव्हता. सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्या, दोन; आसाच्या दोन्ही बाजूंस एकेक. भोक पाडून ते कानशीने चौकोनाकडे आणताना त्यांनी आस चौदा वेळा घालून पाहिला. मी मोजत होतो. मी म्हटले, “अण्णा, आता बसतो आहे.” ते म्हणाले, “बसतो आहे, पण डुलतो आहे. तुझी मागची वेळ अशीच होती.” त्यानंतर मी बोललो नाही.

बेळगावास १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले आणि पुढे त्याच घराण्याच्या कारखानदारीतून नांगर, पंप, इंजिने निघाली, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. सायकल ही यंत्रविद्येची बाराखडी आहे खरी. तिच्यात काही झाकलेले नसते; चूकही झाकता येत नाही.

दुसऱ्या जन्मात काळी सायकल बाजूस ठेवली. तिचे दांड्यांचे ब्रेक रबर रिमच्या आतून दाबतात. पावसात ते जवळजवळ नसल्यासारखेच. आणि ९० किलोंचा भार १५ च्या वेगात जेवढी गतिशक्ती बाळगतो, त्याच्या पावणेतीन पट २५ च्या वेगात बाळगतो. ती सर्व ब्रेकने जिरवावयाची. म्हणून आम्ही दोन्ही चाकांस चांगले तारेचे ब्रेक असलेली, पोलादी चौकटीची, २६ इंची जुनी सायकल घेतली, आणि मोटार मागच्या चाकात बसवली. या मोटारीस चौकटीच्या टोकांत १३५ मिलिमीटर अंतर लागते. आमच्या चौकटीत थोडे कमी होते. पोलाद असल्याने हळूहळू फाकवता आले. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर हा प्रयोग कधी करू नये. ती वाकत नाही, तडकते.

‘पाठीवरचा हात’ कधी लागावा हे मोटारीस कसे कळते? पायडलाच्या आसावर लहान लोहचुंबकांची एक चकती बसवतात. शेजारी चौकटीवर एक संवेदक. चकती फिरली की प्रत्येक चुंबक त्याच्यासमोरून जाताना खूण देतो. आठ चुंबक आणि मिनिटास ६० फेरे असतील तर सेकंदास आठ खुणा. खुणा येत आहेत तोवर नियंत्रक मोटारीस वीज देतो. थांबल्या की बंद करतो. चकती उलटी बसली तर मोटार चालू होत नाही, किंवा पायडल उलटे फिरवल्यावर चालू होते; तेव्हा मागचे चाक उचलून धरूनच पहिली परीक्षा घ्यावी. या साध्या संवेदकाचे एक न्यून आहे. तुम्ही जोर किती लावता हे त्यास कळत नाही, केवळ फिरवता आहात एवढेच कळते. जोर मोजणारे संवेदकही मिळतात. मदत त्या मानाने कमीजास्त होते, चाल फार सुरेख वाटते, पण किंमत अधिक व बसवणे अवघड. आम्ही साधाच ठेवला, आणि मदतीच्या पायऱ्यांपैकी सर्वांत खालची कायम केली. पायडल थांबल्यावर मोटार क्षणभर उशिरा थांबते, म्हणून दोन्ही ब्रेकच्या मुठींत वीज तोडणारे बटण अवश्य बसवावे. गर्दीत तो क्षणही मोठा असतो.

बॅटरीवर थोडे अधिक लिहितो, कारण ती घरात येते. शिशाच्या तीन बॅटऱ्या स्वस्त पडतात, पण वजन बारा किलोंच्या घरात. लिथियमच्या बॅटऱ्यांत दोन जाती रूढ आहेत. एकीत दहा घट ओळीने जोडून ३६ व्होल्ट होतात व पूर्ण भरल्यावर ४२. दुसरी लोह-फॉस्फेटची, तीत बारा घट, ३८.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४३.८. दुसरी थोडी जड, पण उष्णता अधिक सोसते व पेट घेण्याची भीती पुष्कळ कमी. मे महिन्यात कारखान्याच्या पत्र्याखाली सायकली उभ्या असतात. तेव्हा मी दुसरीच निवडली. आता मुख्य धोका ऐका. दोन्ही जातींचे चार्जर दिसावयास सारखे, पुष्कळदा पिनाही सारख्या. ४३.८ चा चार्जर ४२ च्या बॅटरीस लावला तर प्रत्येक घटावर ४.२ ऐवजी ४.३८ व्होल्ट येतात. बॅटरीतील रक्षक-पट्टी ठीक असेल तर ती वीज तोडील. नसेल तर आग. घरात दोन सायकली असतील तर चार्जरवर रंगाने मोठी खूण करा.

बॅटरी रात्री सर्वजण झोपल्यावर भरू नये, आणि जिन्याखाली किंवा दाराच्या तोंडाशी कधीही भरू नये. काही झाले तर बाहेर पडण्याची वाट तीच असते. आमच्याकडे वहिनींनी जागा ठरवून दिली आहे : मागच्या अंगणातला ओटा, दगडी, आजूबाजूस काही नाही, आणि त्या स्वयंपाकघरात असतील तीच वेळ. बॅटरीच्या अगदी जवळ २० अँपिअरचा फ्यूज हवा. वायरी जोडणीच्या ठिकाणी येण्याआधी थोड्या खाली लोंबत्या ठेवाव्यात, म्हणजे पावसाचे पाणी जोडणीत न शिरता खालच्या वळणावरून ठिबकून जाते.

अण्णांच्या वाटेवर मोजून पाहिले : किलोमीटरला सात वॉट-तासांच्या आसपास वीज लागते. जाऊन-येऊन १८ किलोमीटर, म्हणजे १२६. आमची बॅटरी १० अँपिअर-तासांची, ३८४ वॉट-तास. त्यातले तीनशे वापरावयाचे. निम्म्याहून कमी खर्च होतात, तेव्हा बॅटरी म्हातारी झाली तरी वाटेत दगा देणार नाही. चार्जरमधील तूट धरून रोज युनिटचा सातवा हिस्सा लागतो. युनिटास आठ रुपये धरले तर सव्वा रुपयाच्या आत-बाहेर.

अण्णा आता पुन्हा सांवेर रोडला सायकलीने जातात. सपाटीवर मोटार बंद ठेवतात, पुलाखाली आले की चालू करतात. गुडघा बरा झाला असे ते म्हणत नाहीत. कुरकुर कमी झाली म्हणतात. काळी सायकल ओसरीत उभी आहे आणि तिच्या साखळीला ते महिन्यातून एकदा तेल देतात.

मागच्या चाकाचे नट व पीळदांड्यांचे बोल्ट मी दर रविवारी पाना लावून पाहतो. नटावर आणि चौकटीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आहे. नट तिळभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पहिल्या महिन्यात ती दोनदा तुटली. त्यानंतर अजून तुटलेली नाही.